नाट्यसंवादातील सत्तासंघर्ष

नाटकातील पात्रे बोलण्यातून एकमेकांवर ताबा मिळवण्याचा, तो टिकवण्याचा किंवा झुगारण्याचा जो प्रयत्न करतात, त्याला नाट्यसंवादातील सत्तासंघर्ष म्हणतात. उघड भांडण हा त्याचा सर्वांत ढोबळ प्रकार. प्राचीन ग्रीक नाटकांत पात्रे एकेका ओळीने एकमेकांना प्रत्युत्तर देत झुंजतात, तो याचा जुना नमुना. नाटककाराचे खरे कसब लागते ते समोरच्याला पत्ता लागू न देता त्याला आपल्या मनासारखे वागायला लावणारे पात्र लिहिताना.

शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’मधील तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश या दृष्टीने मुद्दाम वाचावा. सेनापती ऑथेल्लोचा अधिकारी कॅसिओ ऑथेल्लोच्या पत्नीला, डेस्डेमोनाला, भेटून निघून जातो. ते पाहून ऑथेल्लोच्या हाताखालचा कपटी इयागो स्वतःशी बोलल्यासारखे पुटपुटतो, की हे काही बरे दिसत नाही. ऑथेल्लोने विचारताच ‘काही नाही’ म्हणून अंग काढून घेतो. पुढे कॅसिओ प्रामाणिक आहे ना, असे विचारल्यावर इयागो हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही, ‘प्रामाणिक?’ एवढा शब्द तेवढा परत करतो. ऑथेल्लो चिडतो, मनात काय आहे ते सांग म्हणून हट्टाला पेटतो. हुद्द्याने सेनापती असलेला माणूस हाताखालच्याची मनधरणी करू लागतो, तिथेच पारडे फिरलेले असते. पत्नी आणि कॅसिओ यांच्याविषयीचा संशय आपणच खोदून बाहेर काढला असे वाटल्याने त्याला तो खरा वाटतो.

इंग्रज नाटककार हॅरॉल्ड पिंटरच्या ‘द बर्थडे पार्टी’त (1958) तंत्र नेमके उलटे आहे. गोल्डबर्ग आणि मॅक्कॅन हे दोन आगंतुक स्टॅन्ली या भाडेकरूवर असंबद्ध प्रश्नांचा भडिमार करतात. उत्तर त्यांना नकोच असते. तिसऱ्या अंकात स्टॅन्लीच्या तोंडून धड शब्दही फुटत नाही.

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये खेळ म्हणून मांडलेला खटला बेणारे या शिक्षिकेच्या खासगी आयुष्यावर घसरतो. शेवटी ती प्रदीर्घ बोलते, पण तेव्हा इतर पात्रे गोठलेली असतात. तिचे म्हणणे प्रेक्षकांखेरीज कोणापर्यंतच पोचत नाही.

तालमीत नट अशा संवादांचा सबटेक्स्ट शोधतात, म्हणजे या वाक्यातून पात्राला समोरच्याकडून काय हवे आहे ते पाहतात. रशियन दिग्दर्शक स्टॅनिस्लाव्हस्कीच्या अभिनयपद्धतीने या विचाराला शिस्त दिली. इयागो करणाऱ्या नटाने कपट आवाजातच दाखवले, तर ऑथेल्लो निव्वळ मूर्ख दिसतो आणि प्रवेश पडतो.