पादचारी सुरक्षा (पुणे)

पादचारी सुरक्षा म्हणजे गाड्यांच्या सोयीने वाढलेल्या शहरात पायी चालणाऱ्याला जीव मुठीत न धरता चालता यावं, रस्ता ओलांडता यावा, दमलं तर दोन मिनिटं टेकता यावं, म्हणून फूटपाथ, चौक, सिग्नल आणि गाड्यांचा वेग यात केलेले बदल. पुण्याचं उदाहरण घ्यायचं कारण असं की इथे कागदावर जवळजवळ सगळं आहे, फक्त चौकात पोचेपर्यंत त्यातलं निम्मं गायब होतं.

एकेकाळचं सायकलींचं शहर आधी दुचाक्यांचं झालं, मग त्यात कारची भर पडली. २०१८ मध्ये इथल्या आरटीओत नोंदलेल्या गाड्या ३६ लाखांच्या वर गेल्या आणि लोकसंख्या तेव्हा साधारण ३५ लाख धरली जायची (नोंदीत भंगारात गेलेल्या गाड्याही असणार, पण तरी). चालणाऱ्याची मात्र कुठल्याच आरटीओत नोंद नसते, आणि बसने जाणारा माणूससुद्धा स्टॉपपर्यंत चालतच जातो हे सगळे विसरतात. देशभरात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ जण गेले, त्यातले ३२,८२५ पायी चालणारे होते.

रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या नियमावलीत फूटपाथवर किमान १.८ मीटर मोकळी जागा सांगितली आहे आणि कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको असंही. प्रत्यक्षात त्या १.८ मीटरमध्ये विजेचा डबा, झाडाचा बुंधा, फ्लेक्सचा बांबू आणि दोन स्कूटर असतात, वर प्रत्येक सोसायटीच्या गेटपाशी फूटपाथ खाली उतरतो नि परत चढतो, त्यामुळे गुडघेदुखीवाल्या आजी दोन गेटं झाली की सरळ रस्त्यावरून चालायला लागतात, आणि लोक म्हणतात फूटपाथ असून वापरत नाहीत. पावसाळ्यात सुटलेल्या पेव्हर ब्लॉकवर पाय पडला की खालचं गढूळ पाणी पिचकारीसारखं पँटवर येतं, हे पुणेकराला वेगळं सांगायला नको. गेटपाशी फूटपाथ तसाच सपाट ठेवून गाडीलाच चढ-उतार करायला लावला की बराच प्रश्न सुटतो.

महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण आणलं, रस्ते कसे आखायचे याची मार्गदर्शक तत्त्वंही ठरवली. त्यातून दिसण्यासारखं काम झालं ते जंगली महाराज रोडवर. हा रस्ता तसा १९७६ पासून खड्डे न पडणारा रस्ता म्हणून प्रसिद्ध, पण ते कौतुक सगळं डांबराचं होतं. नव्या रचनेत फूटपाथ रुंद झाला, झाडांभोवती बसायला जागा झाली, आणि माणसं खरंच येऊन बसायला लागली. मग बोलार्डच्या (गाड्या अडवायला लावलेल्या ठेंगण्या खांबांच्या) फटीतून दुचाक्याही आल्या, तो भाग वेगळा. पथारीवाल्यांना मात्र सरसकट अडथळा म्हणू नये, २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांनाही जागा मिळायला हवी, आणि संध्याकाळी रस्ता जागता राहतो तो त्यांच्यामुळेच.

२०२१ पासून ११ डिसेंबरला महापालिका पादचारी दिन करते, लक्ष्मी रोडचा एक तुकडा दिवसभर गाड्यांना बंद असतो. छान वाटतं, पोरं रस्त्याच्या मधोमध पळतात. १२ तारखेला सकाळी गाड्या परत जागेवर.

खरी परीक्षा रस्ता ओलांडतानाच. आपल्याकडे त्याची एक पद्धतच आहे: डावा हात पोटाशी पिशवी धरून, उजव्या हाताचा पंजा गाड्यांकडे करायचा आणि नजर न मिळवता निघायचं. गाडी ताशी ५० ने येत असेल तर ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात ती जवळपास १४ मीटर पुढे येते, ३० ने असेल तर साधारण ८ मीटर, आणि धडकेचा जोर ५० ला ३० च्या पावणेतीन पट. म्हणून वेग कमी करणं हा सगळ्यात मोठा उपाय, आणि तो नुसत्या पाट्यांनी होत नाही. रस्ते वन-वे केले की गाड्या आणखी सुसाट सुटतात. सिग्नलचा हिरवा माणूस सेकंदाला १.२ मीटर चालणाऱ्याच्या हिशोबाने लावतात, म्हणजे २४ मीटर रस्त्याला २० सेकंद, पण ०.८ ने चालणाऱ्या आजोबांना ३० लागतात आणि शेवटचे १० सेकंद ते सुटलेल्या गाड्यांसमोरून चालत काढतात. वर फ्री लेफ्टवाले, म्हणजे सिग्नल लाल असतानाही डावीकडे वळायची मुभा असलेले, थांबतच नाहीत, त्यामुळे चालणाऱ्याचा सिग्नल हिरवा असला तरी त्या कोपऱ्यावर मान वळवूनच जावं लागतं.

यावर करण्यासारखं बरंच आहे: फ्री लेफ्ट बंद करणं, कोपऱ्याची वळणं आवळणं म्हणजे गाडीला वळताना वेग कमी करावाच लागतो, मधे थांबायला पुरेसं रुंद बेट ठेवणं. भुयारी मार्ग आणि पादचारी पूल हा उपाय सोपा वाटतो, पण त्यात गाडी सरळ जाते आणि जिने माणूस चढतो. त्यापेक्षा झेब्राच फूटपाथच्या उंचीला उचलून घेतलेला बरा, त्याचे पांढरे पट्टे पावसाळ्यात पुसले तरी चढ तिथेच राहतो.