डाव्या पायाचा प्रश्न: गिअरची गाडी की ऑटोमॅटिक?

मुंबईत नवी गाडी घ्यायला गेलं की शोरूममध्ये हा प्रश्न हमखास येतो. (गाडी ठेवणार कुठे, हा खरा पहिला प्रश्न, पण तो तिथे कुणी काढत नाही.) दहा-बारा वर्षांपूर्वीपर्यंत तो फारसा कुणी विचारत नसे, कारण सर्वसाधारण बजेटात उत्तर एकच होतं. ‘ऑटोमॅटिक पेट्रोल पिते’ हे कारण आपण वर्षानुवर्षं ऐकलं. ते खोटं नव्हतं. पण मला दुसरं एक कारण अधिक पटतं: क्लच दाबून ज्याचा पाय भरून यायचा, तो माणूस बहुतेक वेळा गाडी निवडणारा नसायचा. तो पगारी ड्रायव्हर असायचा, नाहीतर टॅक्सीवाला.

गंमत अशी, की ज्या कंपनीने अमेरिकेत ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पहिल्यांदा मोठ्या संख्येने विकला, त्या जनरल मोटर्सचा कारखाना आपल्या शिवडीत होता. १९२८पासून तिथे गाड्यांची जुळणी होई. त्यांचा ‘हायड्रा-मॅटिक’ हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स १९४०च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिल गाडीत आला. पण स्वातंत्र्यानंतर सरकारचं धोरण बदललं, नुसती जुळणी चालेना, आणि १९५४मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला. पुढची काही दशकं देशात निवड उरली ती फियाट, अँबॅसेडर आणि स्टँडर्ड यांच्यातली. तिघींनाही गिअर हातानेच टाकायचे.

त्यातली फियाट मुंबईची. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. सत्तरच्या दशकात तिचं नाव पद्मिनी झालं, तरी लोक फियाटच म्हणत राहिले. तिचा गिअर पायाशी नव्हता, स्टिअरिंगच्या दांड्यालाच बाहेर आलेला होता. डाव्या हाताने तो आपल्याकडे ओढायचा, वर-खाली करायचा, परत सोडायचा. पायाशी दांडा नसल्यामुळे पुढे एकसंध बाकडं बसे, आणि त्यावर ड्रायव्हरशेजारी दोघं आरामात मावत. आमच्या चाळीतल्या काकांच्या फियाटमध्ये तिघं बसायचे. तिसरा मी, गिअर बदलताना काकांचं कोपर चुकवत. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे गिअरची चाकं अलगद जुळवून देणारी सोय, नव्हता, म्हणून गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो टाकला की गिअरबॉक्स खरडल्यासारखा ओरडे. काकांचा जीव कळवळायचा. पेडर रोडच्या चढावर सिग्नल लागला की हँडब्रेक, हाफ क्लच आणि देवाचं नाव, तिन्ही एकदम. जळलेल्या क्लच प्लेटचा तो कडवट वास त्या रस्त्यावर कितीतरी वेळा आला असेल.

डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली आणि चित्र पालटलं. गिअर हलका, दांडा खाली, क्लच मऊ. महत्त्वाचं म्हणजे, ड्रायव्हर न ठेवता स्वतः गाडी चालवणारा नोकरदार तयार झाला. डावा पाय आता मालकाचाच होता. तरी ऑटोमॅटिक त्याच्यापर्यंत पोचली नाही. नव्वदच्या दशकात झेनसारख्या छोट्या गाडीतही ती मिळे, २००३च्या होंडा सिटीत सीव्हीटी हा ऑटोमॅटिकचाच एक प्रकार आला, पण किंमत जास्त. शिवाय जुन्या पद्धतीच्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिनाची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधल्या तेलातून पुढे जाते. त्यात थोडी वाया जाते, आणि मायलेज विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला ते परवडत नसे.

बिनगिअरची सवय मात्र दुसऱ्याच वाटेने घरात शिरली होती. १९८४मध्ये कायनेटिक होंडा आली. बटण दाबून चालू, उजव्या हाताने वेग, बस्स. चेतकचे गिअर मनगट पिळून टाकणाऱ्या पुरुषांनी ‘बायकांची स्कूटर’ म्हणून तिला हिणवलं. पुढे अॅक्टिव्हा आल्यावर तेच पुरुष त्यावर बसून भाजी आणायला जाऊ लागले. आरटीओच्या कागदावरही दुचाकीला ‘गिअरसह’ आणि ‘गिअरविना’ असे वेगळे वर्ग आहेत. कारला नाहीत. ऑटोमॅटिकवर शिकलेल्याला आणि गिअरवर शिकलेल्याला हलक्या मोटार वाहनाचं एकच लायसन्स.

खरा फरक पडला फेब्रुवारी २०१४मध्ये, मारुती सेलेरिओमुळे. तिच्यातला एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) म्हणजे नवा गिअरबॉक्स नव्हेच. नेहमीचाच गिअरबॉक्स, नेहमीचाच क्लच. फक्त क्लच दाबणं आणि गिअर बदलणं यंत्राकडे सोपवलेलं. म्हणून ती स्वस्त पडली आणि मायलेजही जवळजवळ तेवढंच राहिलं. गिअर बदलताना गाडी किंचित डोलते, मान पुढे जाते, चटकन ओव्हरटेक करायला गेलं तर क्षणभर विचारात पडते. हिल होल्ड, म्हणजे चढावर गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय, नसेल तर चढावर ब्रेक सोडताच मागेही सरकते. क्लच प्लेट तर आपली आपण झिजतेच, हे विकणारा सांगत नाही. पण अंधेरी-कुर्ला रोडवर संध्याकाळी सात वाजता अडकलेल्या माणसाला डोलणं चालतं.

एक अडचण मुंबईत जास्त टोचत होती. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर इथल्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या, पंप वाढले, मग खासगी गाडीवाल्यांनाही तोच हिशेब दिसू लागला. पण कंपनीतून आलेली सीएनजी हवी तर गिअरचीच घ्यावी लागे. स्वस्त इंधन की सुखी पाय, दोन्ही नाही. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३च्या ऑक्टोबरात ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३मध्ये ती रस्त्यावरून गेली. त्यानंतर चारेक महिन्यांतच टाटांनी टियागो आणि टिगोरमध्ये सीएनजी आणि एएमटी एकत्र दिलं. तरी स्टँडवरच्या टॅक्सीत डोकावून पाहा, क्लचचं पेडल बहुधा दिसेलच. हप्ता भरणारा आणि क्लच दाबणारा तिथे आता बऱ्याचदा एकच असतो, आणि जास्तीचे पैसे द्यायचे की पाय दुखवायचा, यात तो अजून पायालाच कामाला लावतो.