कडक डोहाळ्यांवर गांजाचा उतारा?

अमेरिकेतल्या कोलोरॅडोत गांजा दुकानात राजरोस मिळतो. ‘आठवा आठवडा चालू आहे, फार मळमळतं, काय घेऊ?’ असे फोन संशोधकांनी तिथल्या ४०० दुकानांना केले. ६९ टक्के दुकानांनी गांजाचंच काहीतरी सुचवलं, आणि त्यातल्या बहुतेकांचा आधार होता स्वतःचं मत! (अभ्यास २०१८चा.) ‘नैसर्गिक आहे, काय होतंय’ हे तर आपल्याकडेही ऐकू येतं. धोतराही नैसर्गिकच आहे. शिवाय वर्षानुवर्षं रोज गांजा घेणाऱ्या काहींना त्यानेच उलट्यांचा विकार जडतो, आणि गरोदरपणात तो डोहाळ्यांच्या नावावर खपून जाऊ शकतो.

गांजातला मादक घटक टीएचसी. तो मेदात विरघळतो आणि वार (प्लासेंटा) ओलांडून गर्भात जातो. तिथे काय करतो, हा या विषयातला सगळ्यात सुरस भाग.

आपलं शरीर स्वतःच टीएचसीसारखी रसायनं बनवतं. त्यातलं आनंदामाइड १९९२ साली जेरुसलेममध्ये राफाएल मेशूलाम यांच्या प्रयोगशाळेत सापडलं. टू-एजी हे त्याचं भावंड. दोन्ही सीबी-१ या ग्राहीला (पेशीवरच्या, इशारा झेलणाऱ्या प्रथिनाला) चिकटतात. गर्भाच्या मेंदूत चेतापेशीचा लांब तंतू, म्हणजे अ‍ॅक्सॉन, वाढत असतो. त्याचं टोक वेलीच्या तणाव्यासारखं चाचपडत जोडीदार पेशी शोधतं. त्या टोकावरच्या सीबी-१ला ही रसायनं भेटली की टोक थांबतं, मागे सरतं किंवा वळतं. लगेच विकरं (एन्झाइम) त्या रेणूंचे तुकडे करतात. इशारा क्षणाचा आणि त्या जागेपुरता.

टीएचसी त्याच ग्राहीला चिकटतो, पण ती विकरं त्याला तोडत नाहीत. तो चरबीत साठतो, दिवसेंदिवस पाझरत राहतो आणि इशारा नको तिथे, नको तेव्हा पोचतो. उंदरांच्या गर्भात त्यामुळे एससीजी-१० हे प्रथिन घटतं, अ‍ॅक्सॉनमधल्या सूक्ष्मनलिकांची घडण बिघडते आणि तंतू वाट चुकतात, असं २०१४ साली दिसलं.

माणसांतला पुरावा गोळा करणं किचकट, कारण गांजा ओढणाऱ्या बऱ्याच जणी सिगारेटही ओढतात. कॅनडातल्या ओंटारिओत साडेसहा लाखांहून अधिक गरोदर स्त्रियांच्या नोंदी तपासल्या गेल्या (२०१९). तंबाखूसारखे फरक जुळवून घेतल्यावरही गांजा घेणाऱ्यांत मुदतपूर्व प्रसूतीचं प्रमाण सुमारे १.४ पट निघालं. इतर अभ्यासांत बाळाचं वजनही कमी आढळतं. मुलांच्या बुद्धीबाबत मात्र निष्कर्ष एकसारखे नाहीत, त्यामुळे ‘गांजाने मूल मतिमंदच होतं’ छापाचे फॉरवर्डही बाजूलाच ठेवा.

धूर टाळून भांग प्यायली तरी टीएचसी तोच. स्तनपानाच्या काळात तर तो शेवटच्या वापरानंतर सहा दिवसांपर्यंत आईच्या दुधात सापडला आहे.