छोट्या देशांचा अभ्यास

लोकसंख्या, सैन्य, बाजारपेठ सगळंच लहान असलेले देश जगात टिकतात कसे, स्वतःला काय समजतात आणि मोठ्यांशी कसं जमवून घेतात, यावर संशोधन करणारी ही आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या अभ्यासाची एक शाखा. छोटा म्हणजे नक्की किती, यावर अजून एकमत नाहीये. राष्ट्रकुल संघटना साधारण 15 लाख लोकसंख्येची रेघ मारते (2011 च्या जनगणनेत गोवा साडेचौदा लाखांच्या आसपास होता, म्हणजे देश असता तर बसला असता यात), पण सिंगापूर त्याच्या कितीतरी पट मोठं असून स्वतःला छोटंच म्हणवतं आणि 1992 मध्ये युनोत छोट्या देशांचा गट त्यानेच काढला, आज त्यात शंभरावर मेंबर आहेत.

सुरुवातीचं महत्त्वाचं काम संशोधक अ‍ॅनेट बेकर फॉक्स यांचं, 1959 चं. तुर्की, फिनलंड, स्वीडन वगैरे देशांनी दुसऱ्या महायुद्धात बड्या सत्तांचा दबाव कसा झेलला ते त्यांनी तपासलं. नंतर वसाहती सुटत गेल्या, चिमुकले देश वाढले, आणि 1983 मध्ये अमेरिकेने कॅरिबियनमधल्या चिमुकल्या ग्रेनाडात सैन्य उतरवल्यावर यांच्या सुरक्षेचं काय हा प्रश्न एकदम ऐरणीवर आला. माल्टाचे अर्थतज्ज्ञ लिनो ब्रिगुग्लिओ यांनी दाखवलं की दरडोई उत्पन्न चांगलं असलेला छोटा देशसुद्धा आतून नाजूक असू शकतो, कारण निर्यात दोनचार गोष्टींची आणि आयात जवळपास सगळ्याची. आइसलंडचे राज्यशास्त्रज्ञ बाल्दुर थोरहॅल्सन म्हणतात की छोट्यांना कुणाचा तरी आसरा लागतोच, आणि 2008 मध्ये त्यांच्याच देशातल्या बँका धडाधड बुडाल्या तेव्हा ते पटायला वेळ लागला नाही. गंमत म्हणजे याच आइसलंडने आधी मासेमारीच्या हद्दीवरून ब्रिटनला नमवलं होतं, तेही नाटोत राहून.

मॉरिशसचं उदाहरण मात्र मला सगळ्यात बोलकं वाटतं, तिथे मराठी घरं आहेत म्हणूनच नाही. 1961 च्या सुमारास ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी या बेटाच्या भवितव्याबद्दल निराशाच व्यक्त केली होती, लोकसंख्या वाढती आणि भिस्त एकट्या उसावर. पुढे मीडना नोबेल मिळालं, आणि मॉरिशसने कापड कारखाने, पर्यटन, बँकिंग उभं करून अंदाज खोटा ठरवला. ब्रिटनने ताब्यात ठेवलेली चागोस बेटं आपली आहेत असा मॉरिशसचा दावा, त्या वादात 2019 मध्ये युनोच्या आमसभेत ब्रिटनविरुद्ध 116 मतं मिळवली, विरोधात फक्त 6. त्यातल्याच दिएगो गार्सिया बेटावरचा अमेरिकी लष्करी तळ मात्र त्या मतांनी जागचा हलला नाही.