निमंत्रित कबड्डी स्पर्धा : कोकणातील अर्थकारण आणि प्रेक्षक

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत दिवाळीपासून पावसाच्या तोंडापर्यंत गावोगाव प्रकाशझोतात कबड्डीच्या निमंत्रित स्पर्धा भरतात. त्यांना सहसा तिकीट नसते. मैदान उघडे असते, आणि ज्यांनी वर्गणीची पावती फाडली त्यांनाच दारात अडवता येत नाही. त्यामुळे गर्दीकडून थेट पैसा येत नाही. गर्दी दिसते म्हणून चषकाचा पुरस्कर्ता, फलकांच्या जाहिराती आणि वडापाव-चहाच्या गाड्यांचे भाडे मिळते. अंतिम सामन्याला गॅलरी रिकामी दिसली, की पुढच्या वर्षी देणगीदार हात आखडता घेतो.

गर्दी टिकते ती निकाल शेवटपर्यंत लटकलेला असला तर. अमेरिकन अर्थतज्ज्ञ सायमन रॉटनबर्ग यांनी १९५६ मध्ये बेसबॉलविषयी हेच मांडले होते. कबड्डीचे आजचे नियमही याच दिशेने गेले आहेत. पूर्वी आघाडीवरचा संघ रिकाम्या, म्हणजे गुण न घेता परतण्याच्या, चढाया करून वेळ काढी. आता सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या, की तिसरीत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद होतो. तीन किंवा त्याहून कमी खेळाडू उरलेल्या संघाने पकड केली, तर अव्वल पकडीचा एक जादा गुण मिळतो. लोणाच्या, म्हणजे सगळे खेळाडू बाद होऊन प्रतिस्पर्ध्याला जादा गुण जाण्याच्या, छायेतला संघ त्यावर पुन्हा उभा राहतो.

आयोजकांची पहिली चूक कार्यक्रमपत्रिकेतच होते. २०-५-२० मिनिटांचा (दोन डाव आणि मधली विश्रांती) सामना टाइम आउट धरून तासभर चालतो. १६ संघांचे चार गट करून साखळी खेळवली तर २४ सामने होतात आणि बाद फेरीचे ७ मिळून ३१. दोन क्रीडांगणांवर संध्याकाळी सहा ते अकरा खेळवले तरी रात्रीला १० सामने, म्हणजे तीन रात्री अपुऱ्या पडतात. शिवाय ध्वनिक्षेपकाला रात्री दहाची मर्यादा आहे; बारापर्यंतची सवलत वर्षातल्या मोजक्याच दिवसांना मिळते. मग सामना १५-५-१५ वर आणला जातो. हा उपाय चुकीचा आहे. सामना आखूड झाला की एका लोणाची आघाडी फेडायला वेळ उरत नाही आणि प्रेक्षक मध्यंतरालाच उठतात. मिनिटे तोडण्यापेक्षा संघ कमी करावेत, किंवा थेट बाद पद्धत घ्यावी. तिच्यात १५ सामन्यांत स्पर्धा संपते.

यजमान संघ हरला की अर्धी गॅलरी उठते, म्हणून त्याला सोपा गट देण्याचा मोह होतो. पाहुण्या संघांच्या हे लगेच लक्षात येते आणि चांगले संघ पुढचे निमंत्रण नाकारतात.

खेळाडूची खरी कमाई दीर्घकाळ नोकरीची होती. पोलीस, रेल्वे, बँका यांचे संघ आणि राज्य शासनाच्या नोकऱ्यांतले ५ टक्के खेळाडू आरक्षण यांवर अनेक घरे उभी राहिली. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग आली. त्या वर्षीची सर्वोच्च बोली राकेश कुमारसाठी १२ लाख ८० हजारांची होती. २०२३ मध्ये पवन सेहरावतसाठी ती २ कोटी ६० लाख ५० हजारांवर गेली. हा फरक दूरचित्रवाणीचा आहे: चढाई तीच, पाहणारे डोळे मात्र कोट्यवधी. गावच्या मैदानावर याचे छोटे रूप म्हणजे ध्वनिक्षेपकावरून चढाईवर लावलेले रोख बक्षीस. त्यात एक दोष आहे. बक्षिसाच्या ओढीने चढाईपटू बोनस (बोनस रेषा ओलांडल्याचा गुण) घेऊन परतण्याऐवजी कोपऱ्यात शिरतो आणि पकडला जातो. तीच रक्कम सामना संपल्यावर संघाला दिली, तर खेळ बिघडत नाही.

प्रेक्षक रेषेला खेटले की पंचांवर दडपण येते, कारण स्पर्श झाला की नाही हा निर्णय क्षणाचा असतो. चारी बाजूंनी ४ मीटर जागा मोकळी ठेवून दोर बांधावा. गॅलरीत काटकसर करू नये: मार्च २०२१ मध्ये तेलंगणातील सूर्यापेट येथे राष्ट्रीय कुमार स्पर्धेची गॅलरी कोसळून अनेक प्रेक्षक जखमी झाले.

उघड्यावर मॅट टाकणाऱ्यांनी दवाचा खर्च धरावा. थंडीच्या दिवसांत उशिरा रात्री मॅट ओलसर होते, वळणारा पाय घसरतो आणि गुडघा जातो. प्रत्येक मध्यंतराला सुक्या कापडाने मॅट पुसायला माणसे लागतात. मातीवर ही अडचण कमी; पण जांभ्याचे खडे चाळून काढावे लागतात आणि पाणी दुपारीच मारून रोलर फिरवावा लागतो, नाहीतर पहिला सामना चिखलात होतो.