फ्लिप कधी शिकवणार? पार्कूर वर्गाचे विद्यार्थी आणि पालक यांच्यासाठी

पार्कूर म्हणजे भिंती, कठडे, जिने असे अडथळे धावत, उड्या मारत, चढत पार करणं; फ्लिप म्हणजे हवेतल्या हवेत मारलेली कोलांटी. नवी बॅच सुरू झाली की दुसऱ्याच आठवड्यात फ्लिपचा हा प्रश्न येतो. मुलं सरळ विचारतात, पालक जरा आडून विचारतात, ‘सर, पोरं अजून जमिनीवरच लोळतायत का?’ प्रत्येकाला गेटवर उभं राहून उत्तर देण्यापेक्षा एकदाच लिहून देतो.

हो, लोळतायत. पहिले काही महिने आम्ही उडीची उंची गुडघ्याच्या वर नेत नाही. वर्गाचा सगळ्यात जास्त वेळ ज्या चुकीपायी जातो ती इथेच होते. वर्गात गुडघ्याएवढ्या कट्ट्यावरून उतरणारा मुलगा घरी गेल्यावर गच्चीच्या टाकीवरून उडी टाकतो, मित्र रील काढतो. पाय मोडत नाही, म्हणून जमलं असं वाटतं. आठवड्याभरात टाच नाहीतर नडगी दुखायला लागते, आणि पुढचे तीन-चार आठवडे तो कडेला बसून बाकीच्यांना बघतो. फी चालूच असते. परत आला की आम्हाला त्याला पुन्हा पहिल्या पायरीपासून घ्यावं लागतं.

हिशेब साधा आहे. एक मीटरवरून खाली येताना जमिनीशी पोचेपर्यंत वेग ताशी सुमारे १६ किलोमीटर होतो. उंची दुप्पट केली की पायांना पेलावी लागणारी ऊर्जाही दुप्पट. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, पण स्नायू हाडाला जोडणारे कंडरे फार सावकाश मजबूत होतात. मुलाला ताकद आल्यासारखं वाटतं ते स्नायूंमुळे, आणि दुखणं निघतं ते बहुतेक वेळा कंडऱ्यात.

म्हणून आमची परीक्षा कानाने होते. चवड्यावर उतरायचं, गुडघे वाकवून धक्का जिरवायचा, आवाज येता कामा नये. ‘धप्प’ ऐकू आलं की ती उडी मोजत नाही. आवाज न करता सलग दहा वेळा जमलं की पुढची उंची. एकदा जमलं ते आम्ही जमलं धरत नाही.

ही शिस्त मी ज्युदोतून आणली आहे. ज्युदो ही जपानी कुस्ती घडवणारे जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योत कोदोकान ही तिची शाळा सुरू केली. ज्युदोत नवख्याला पडायला आधी शिकवतात, दुसऱ्याला पाडायला नंतर. पडण्याच्या त्या तंत्राला उकेमी म्हणतात. पार्कूरची कोलांटीही जवळपास तीच: उजव्या खांद्यावरून सुरू होऊन डाव्या कुल्ल्यावर संपणारी तिरकी रेघ. शाळेच्या पीटीत शिकवतात ती सरळ कोलांटी काँक्रीटवर मारलीत तर मान आणि मणका दोन्ही आपटतात. ज्युदो करून आलेल्यांना एक सवय मात्र मोडावी लागते. तातामीवर, म्हणजे ज्युदोच्या चटईवर, ते हात आपटून धक्का पसरवतात. फरशीवर तसं केलं की तळहात सुजतो.

पार्कूर ज्युदोतून निघालं असं मी म्हणत नाही. त्याचं मूळ फ्रान्समध्ये आहे. नौदल अधिकारी जॉर्ज एबेर यांची व्यायामपद्धती, पॅरिसच्या अग्निशमन दलातले रेमाँ बेल, आणि मग त्यांचा मुलगा डेव्हिड आणि लिस उपनगरातली त्याची मित्रमंडळी. एबेर यांचं सूत्रच होतं, उपयोगी पडण्यासाठी बलवान व्हा. कानो यांची दोन तत्त्वं त्याच्या शेजारी छान बसतात: शक्तीचा सर्वांत योग्य वापर, आणि आपलं व दुसऱ्याचं मिळून भलं. कुणाला हे भिंतीवर लावायचं सुभाषित वाटेल, पण आमच्याकडे पहिल्या तत्त्वाचा अर्थ बिनआवाजाची उडी, आणि दुसऱ्याचा अर्थ सोसायटीच्या भिंतीवर उमटलेला बुटाचा ठसा पुसूनच घरी जायचं. वॉचमनकाकांना विचारल्याशिवाय कुठल्याही कठड्याला हात लावायचा नाही. मागे काही सोसायट्यांनी पोरांना हाकललं ते उड्यांमुळे कमी, उद्धटपणामुळे जास्त.

अंतर आम्ही फुटांत सांगत नाही. प्रत्येकाने स्वतःच्या बुटाच्या मापाने मोजायचं. कुणाची उडी सहा बूट, कुणाची आठ, त्यामुळे शेजाऱ्याशी तुलना आपोआप थांबते. ‘घाबरलास का?’ हा शब्दप्रयोग वर्गात बंद आहे. समोरची उडी बघून ‘आज नाही’ म्हणणाऱ्याला आम्ही कमी लेखत नाही; स्वतःचा अंदाज घेता येणं हे त्या वयात उडीपेक्षा अवघड असतं.

आणखी एक तक्रार असते: बेल्ट नाही, प्रमाणपत्र नाही, मग प्रगती कळणार कशी? पट्ट्याला माझा विरोध नाही, मी स्वतः बांधला आहे. पण दर तीन महिन्यांनी परीक्षा फी घेऊन रंग बदलायचा धंदा मला जमत नाही. त्याऐवजी प्रत्येकाची वही आहे. उंची, बुटांतलं अंतर आणि सलग किती वेळा, एवढंच त्यात लिहितो. पालकांनी महिन्यातून एकदा ती मागून बघावी.

तर फ्लिप कधी? कोलांटी दोन्ही खांद्यांवरून काँक्रीटवर न दुखता झाली आणि कमरेएवढ्या उंचीवरून आवाज न करता उतरता आलं की मॅटवर सुरू करू. कुणाला चार महिने लागतात, कुणाला वर्ष.

मोठ्यांची सकाळची बॅचही आहे. त्यात फ्लिप मागणारे थोडे, पावसाळ्यात जिन्यावर घसरून मनगट दुखावल्यावर आलेले बरेच. पडायचं कसं हे चाळिशीतही शिकता येतं, फक्त पहिल्या दिवशी गुडघ्याचं किंवा पाठीचं जुनं दुखणं लपवू नका.

येताना सपाट, पातळ तळव्याचे कॅनव्हासचे बूट चालतील. जाड गादीच्या बुटांत उतरताना जमीन कळत नाही. महागडे बूट घेऊ नका, तीन महिन्यांत झिजतात. पहिला तास विनामूल्य आहे; पालकांनीही थांबून बघावं, बसायला कट्टा आहे.