स्वतःच समतोल साधणारी रांग

स्लॅब टाकताना घमेल्यांची रांग आपण सगळ्यांनी पाहिली आहे. खालून वरपर्यंत माणसं उभी, आणि कालवलेला माल हातोहात वर चढतो. या रांगेत प्रत्येकाची जागा ठरलेली असते. त्यामुळे मधला एक जण थकला की त्याच्या खालचे भरलेलं घमेलं धरून ताटकळतात आणि वरचे रिकाम्या हातांनी वाट बघतात. मग मुकादम माणसांची अदलाबदल करतो. थोड्या वेळाने दुसरा कोणी थकतो आणि पुन्हा तेच.

मोठ्या गोदामांची अडचण नेमकी हीच आहे. दुकानाची मागणी आली की कामगार रॅकच्या कडेने चालत एकेक वस्तू खोक्यात भरतात. रॅकचे भाग पाडायचे आणि एकेक भाग एकेकाला वाटून द्यायचा, ही जुनी पद्धत. पण आज साबण जास्त लागतो, उद्या औषधं. काल मोजूनमापून केलेली वाटणी आज चुकते.

अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेतले जॉन बार्थोल्डी आणि शिकागो विद्यापीठातले डोनाल्ड आयझेनस्टाइन यांनी १९९६ साली गणिताने दाखवून दिलं की ही वाटणी करायची गरजच नाही. नियम एवढाच: आपलं खोकं भरत पुढे चालत राहायचं. शेवटच्या माणसाचं खोकं पूर्ण झालं की त्याने मागे यायचं आणि आपल्या मागच्याचं अर्धवट खोकं घ्यायचं. त्या मागच्याने आणखी मागे जाऊन त्याच्या मागच्याचं घ्यायचं. पहिल्याने नवं खोकं उघडायचं. सोबत एक अट: सगळ्यात सावकाश काम करणारा सुरुवातीला, सगळ्यात चपळ शेवटी.

कागद-पेन्सिल घेऊन करून बघा. ६० कप्पे, दोन कामगार. पहिला मिनिटाला एक कप्पा उरकतो, दुसरा दोन. समजा पहिलं खोकं ३०व्या कप्प्यावर हातबदल झालं. चपळ माणसाला उरलेल्या ३० कप्प्यांना १५ मिनिटं लागतात. तेवढ्यात सावकाश माणूस १५व्या कप्प्यापर्यंत पोचतो. मागे चालत येण्याचा वेळ नगण्य धरू. पुढचा हातबदल साडेबावीसवर, मग १९च्या आसपास, मग साधारण साडेवीसवर. चारपाच फेऱ्यांत दोघांची भेट २०व्या कप्प्यापाशी स्थिरावते. एकाकडे २० कप्पे, दुसऱ्याकडे ४०, आणि दोघांनाही वीसच मिनिटं. कोणी रिकामं नाही, कोणी अडकलेलं नाही. आणि २० हा आकडा कोणी कोणाला सांगितलेला नाही!

आता तीच दोन माणसं उलटी उभी करा, चपळ आधी आणि सावकाश नंतर. समतोलाची जागा आता ४०वर आहे. हातबदल तिथे न होता ४१वर झाला, एकाच कप्प्याची चूक. पुढचे हातबदल होतात ३८, ४४, ३२, ५६ आणि मग थेट ८वर. चूक दर फेरीला दुप्पट होत जाते. शेवटी चपळ माणूस सावकाश माणसाच्या पाठीमागे अडकून उभा राहतो. माणसं तीच, काम तेच, फक्त क्रम बदलला. स्वयंसंघटन, म्हणजे कोणी हुकूम न देता व्यवस्था आपली आपण जुळणं, हे सगळं मोकळं सोडून देणं आहे असं अनेकांना वाटतं. मला हा हिशोब त्यासाठीच फार मोलाचा वाटतो: व्यवस्था आपोआप जुळते, पण नेमका नियम आधी शोधावा लागतो.

रेव्को या अमेरिकन औषध दुकानांच्या साखळीने आपल्या गोदामात ही पद्धत आणली, तेव्हा तेवढ्याच वेळात होणारं काम सुमारे एक तृतीयांशाने वाढलं.

निसर्गाला हा क्रम आधीपासून ठाऊक होता. भूमध्य समुद्राच्या पश्चिमेकडच्या देशांत मेसॉर बार्बरस नावाच्या धान्य गोळा करणाऱ्या मुंग्या आहेत. दाणा लांबवरून वारुळाकडे येताना वाटेत एकीकडून दुसरीकडे जातो, आणि बहुधा लहान मुंगीकडून मोठीकडे. मोठी मुंगी दाणा घेऊन जास्त वेगाने चालते. म्हणजे इथेही सावकाश आधी, चपळ नंतर.

सगळीकडे हे चालणार नाही. एखादा बाटल्या भरभर भरतो पण औषधांच्या पट्ट्यांपाशी रेंगाळतो, तर चपळ कोण आणि सावकाश कोण हेच ठरत नाही. हातबदल करताना दोघांचा वेळही जातो. दुसरी अडचण मजुरीची, आणि माझ्या मते ती जास्त मोठी. भरलेल्या खोक्यांवर ज्याची त्याची मजुरी मोजली, तर आपण निम्मं भरलेलं खोकं दुसऱ्याच्या हाती कोण खुशीने देईल? ही पद्धत आणायची तर मजुरी साऱ्या रांगेची मिळून मोजायला हवी, आणि ती कशी वाटायची हे रांगेतल्या माणसांशी बसून आधीच ठरवायला हवं.